‘नेटिव्ह’ पाहिजे, शिक्षक नसला तरी चालेल

थायलंडमध्ये इंग्रजी शिकवायची नोकरी शोधायला बसलात, की पहिल्या पाच मिनिटांत एक शब्द आडवा येतो: ‘नेटिव्ह’. जाहिराती सगळ्या एकाच साच्यातल्या. पदवी कुठल्याही विषयातली चालेल, अनुभव नसला तरी चालेल, शिकवण्याचं प्रशिक्षण असेल तर उत्तम. मात्र उमेदवार ‘नेटिव्ह स्पीकर’ हवा. काही जाहिरातींत तर पगाराचे दोन आकडेच छापलेले असतात. एक नेटिव्हसाठी, दुसरा बाकीच्यांसाठी. वर्ग तेच, तास तेवढेच, पुस्तकही तेच.

मी या ‘बाकीच्यां’मधली. ईशान्य थायलंडमधल्या उबोन राचथानी प्रांतात एका शाळेत चौथी ते सहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. हे माझं इथलं चौथं वर्ष. इंग्रजीत एम.ए., मग बी.एड., मग धुळे जिल्ह्यात तीन वर्षं शिकवून मी इथे आले. पगार बावीस हजार बाट. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा इंग्रज मुलगा तेवीस वर्षांचा आहे. त्याची पदवी भूगोलाची, शिकवण्याचं प्रशिक्षण म्हणजे १२० तासांचा ऑनलाइन कोर्स. त्याला अडतीस हजार बाट. मुलगा गुणी आहे, मुलांना आवडतो, माझं त्याच्याशी काही वाकडं नाही. पूर्ण वर्तमानकाळ कुठे वापरायचा हे मुलांना समजावून सांगायची वेळ आली, की तो प्रांजळपणे माझ्याकडे येतो.

पगाराचं दुखणं आहेच, ते लपवत नाही. पण माझा मुद्दा त्याहून मोठा आहे. ‘नेटिव्ह स्पीकर’ ही शिकवण्याची पात्रता नाही. तो पासपोर्टचा रंग आहे आणि पुष्कळदा कातडीचा. या खुळाचा सगळ्यात मोठा तोटा माझ्या खिशाला होत नाही, वर्गातल्या चाळीस पोरांच्या जिभेला होतो. आणि हे खूळ फक्त थायलंडचं आहे असं समजून खूश होऊ नका. ते आपल्या घरातही बसलंय.

यादीत कोण, यादीबाहेर कोण

‘नेटिव्ह’ म्हणजे ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे तो, असं साधारण कुणालाही वाटेल. नोकरीच्या बाजारात तसं नाही. तिथे सात देशांची एक यादी चालते: ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. दक्षिण कोरियात इंग्रजी संभाषण शिकवायला येणाऱ्यांसाठी ई-२ नावाचा व्हिसा आहे. वेगळ्या करारांमधले अपवाद सोडले, तर तो याच सात देशांच्या नागरिकांना मिळतो. थायलंडमधल्या शाळा आणि एजंट हीच यादी तोंडपाठ म्हणतात. या सातांपैकी एकाचा पासपोर्ट असला की इंग्रजी येतं हे गृहीत. मला मात्र टोइक परीक्षेचे गुण दाखवावे लागले. इंग्रजीत एम.ए. केलेलीला इंग्रजी येतं का, याची परीक्षा; भूगोलवाल्याला माफ.

आता या यादीतला सातवा देश बघा. दक्षिण आफ्रिकेच्या जनगणनेनुसार घरात इंग्रजी बोलणारे लोक दहांत एक एवढेच. बाकीच्यांची घरची भाषा झुलू, खोसा, आफ्रिकान्स वगैरे. तरी देश यादीत आहे. सिंगापूरमध्ये शाळा इंग्रजीत चालतात, तो यादीत नाही. जमैकाची अधिकृत भाषा इंग्रजी, तोही नाही. भारताच्या २०११च्या जनगणनेत सुमारे २ लाख ६० हजार लोकांनी मातृभाषा म्हणून इंग्रजी नोंदवली. त्यातले एक लाखाहून जास्त महाराष्ट्रातले. वांद्र्याच्या एखाद्या घरात जन्मापासून इंग्रजीच बोललेली मुलगी इथे ‘नॉन-नेटिव्ह’ ठरते, आणि घरी आफ्रिकान्स बोलणारा जोहान्सबर्गचा मुलगा ‘नेटिव्ह’. म्हणजे यादी मातृभाषेची नाहीच.

मग कशाची आहे? एजंट अर्जासोबत फोटो मागतो, तिथे उत्तर मिळतं. ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या शिक्षकांना, काळ्या अमेरिकन शिक्षकांना ‘पालकांची अपेक्षा जरा वेगळी आहे’ असं गोड शब्दांत ऐकावं लागतं. कागदावर ते नेटिव्ह, फोटोत नाहीत.

थाई भाषेत गोऱ्या माणसाला ‘फरांग’ म्हणतात. आपल्या ‘फिरंगी’चाच तो चुलतभाऊ. आपल्यासारख्यांना ‘खॅक’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ पाहुणा. भारतीय, पाकिस्तानी, अरब, मलाय मुसलमान हे सगळे खॅक. साप आणि खॅक एकदम दिसले तर आधी खॅकला हाणा, अशी एक जुनी म्हणही थाईत आहे. दचकू नका. याच साच्याच्या म्हणी आपल्याकडे दुसऱ्या जातीजमातींबद्दल आहेत आणि आपण त्या जेवताना हसत हसत सांगतो.

सकाळी पावणेआठ ते दुपारी चार

दिवस फाटकावर सुरू होतो. पावणेआठला मी तिथे उभी असते. मुलं येतात, हात जोडून वाकून ‘वाय’ करतात. आठला झेंडा, राष्ट्रगीत, प्रार्थना, मग उन्हात उभं राहून ऐकायच्या न संपणाऱ्या सूचना. त्यातलं शेवटचं अर्धं मैदान ऐकत नसतं, हे धुळ्यात होतं तसंच. मग बूट दाराबाहेर काढून मुलं वर्गात शिरतात. सगळी उभी राहतात आणि एका सुरात हेल काढतात, “गूऽऽड मॉर्निंग टीऽचर.” मी विचारते, “हाऊ आर यू?” चाळीस तोंडांतून एकच उत्तर येतं, “आयम फाइन, थँक्यू, अँड यू?” अंगात ताप असलेलं पोरही तेच म्हणतं. ते उत्तर नाहीच, ती प्रार्थना आहे.

इथे प्राथमिकला ‘प्रथोम’ आणि माध्यमिकला ‘मत्थयोम’ म्हणतात. शब्द ऐकून तुम्ही ओळखलंच असेल, प्रथम आणि मध्यम. शिक्षकाला ‘ख्रू’ म्हणतात, तो आपला ‘गुरू’. भाषेला ‘फासा’. थाई मुळाक्षरंही कवर्ग, चवर्ग, टवर्ग याच क्रमाने जातात. मी पहिल्या महिन्यात थाई वाचायला बसले, तेव्हा तो तक्ता बघून मला अनोळखी वाटलंच नाही. ही गंमत म्हणून सांगत नाही. मुलांची भाषा कशी बांधलेली आहे हे ज्याला दिसतं, त्याला मुलं कुठे अडखळणार हे आधीच कळतं. माझं खरं भांडवल ते आहे.

उदाहरण घ्या. थाईत शब्दाच्या शेवटी ‘स’ किंवा ‘ल’ हे उच्चार येतच नाहीत. म्हणून ‘राइस’चं ‘राय’ होतं, ‘फुटबॉल’चं ‘फुटबॉन’ होतं. नुसतं “स म्हणा, स म्हणा” असं ओरडून काही होत नाही. पण शब्दाच्या सुरुवातीचा ‘स’ त्यांना सहज येतो. मग मी ‘राइस इज’ हे दोन शब्द ‘राय-सिज’ असे तोडून म्हणवून घेते. शेवटचा ‘स’ पुढच्या शब्दाच्या तोंडावर जाऊन बसतो आणि पोरं तो अलगद उचलतात. आठवडाभराने नुसता ‘राइस’ही जमायला लागतो.

दुसरं, ‘अ’ आणि ‘द’. इंग्रजीतली ही दोन चिमुकली उपपदं जगभरच्या मुलांना रडवतात. थाईत ती नाहीत, मराठीतही नाहीत. पण आपण ‘एक मुलगा आला’ आणि ‘मुलगा आला’ यांत फरक करतोच की. पहिल्यात कोण ते ऐकणाऱ्याला माहीत नाही, दुसऱ्यात माहीत आहे. थाईतही ‘देक खोन नुंग’ म्हटलं की ‘कुणीतरी एक मूल’ असा अर्थ होतो. मी तिथून सुरुवात करते. तुझ्या भाषेत तू हा फरक करतोसच, इंग्रजीत तो असा करतात, बस. माझ्या इंग्रज मित्राला मुलं विचारतात, इथे ‘द’ का? तो म्हणतो, “कानाला बरं वाटतं म्हणून.” त्याचं बरोबर आहे. त्याच्या कानाला खरंच बरं वाटतं. पण मुलाचा कान त्याने कुठून आणायचा?

आणखी एक. थाई मुलं वाक्याच्या शेवटी ‘छाय माय?’ लावतात, आपण ‘हो ना?’ लावतो. एकच शेपूट सगळ्या वाक्यांना चालतं. इंग्रजीत ‘इझन्ट इट’, ‘डझन्ट ही’, ‘हॅव्हन्ट दे’ असा प्रत्येक वाक्याला वेगळा साज. भारतीय माणूस सगळीकडे ‘इझन्ट इट’ का ठोकतो आणि थाई मूल का ठोकतं, याचं कारण एकच आहे. ते मला वाचून कळलेलं नाही, त्या खड्ड्यातून मी स्वतः चढून आले आहे. ज्या रस्त्याने मुलांना न्यायचंय, त्या रस्त्याने जो स्वतः चालला आहे त्याला वाटाड्या म्हणतात. जो मुक्कामावरच जन्मला त्याला रहिवासी म्हणतात. रहिवासी उत्तम वाटाड्या होऊ शकतो, पण त्यालाही रस्ता शिकावा लागतो.

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. हंगेरीच्या पीटर मेद्येश यांनी १९९४ साली ‘द नॉन-नेटिव्ह टीचर’ या पुस्तकात हेच सविस्तर मांडलं. इंग्रजीच्या शिक्षकांची ‘टेसॉल’ ही आंतरराष्ट्रीय संघटना; तिने २००६ साली नॉन-नेटिव्ह शिक्षकांशी होणाऱ्या भेदभावाविरुद्ध जाहीर निवेदन काढलं. तीस वर्षांपूर्वीचं पुस्तक, वीसेक वर्षांपूर्वीचं निवेदन. जाहिराती मात्र आहेत तिथेच आहेत.

‘कॉप’ आणि ‘फिम’

थाई मुलांना एक लांबलचक खरं नाव असतं आणि एक छोटं टोपणनाव. शाळेत, घरी, सगळीकडे टोपणनावच चालतं. अलीकडे ही नावं सर्रास इंग्रजी शब्दांवरून ठेवतात. बँक, आइस, बेन्झ, गोल्फ, फिल्म. माझ्या वर्गात एक गोल्फ आहे. तो आपलं नाव ‘कॉप’ असं सांगतो. त्याची आई त्याला कॉप म्हणते, आजी कॉप म्हणते, थाई भाषेत त्या शब्दाचा उच्चार तसाच होतो. फिल्म नावाची मुलगी स्वतःला ‘फिम’ म्हणते.

आमच्याकडे येणारे नेटिव्ह शिक्षक पहिल्याच तासाला काय करतात? त्या पोराचं नाव सुधारतात. “नो, नॉट कॉप. गोल्फ. गोऽल्फ.” हेतू वाईट नसतो, उच्चार शिकवावा एवढंच मनात असतं. पण त्या पोराच्या बाजूने बघा. दहा वर्षं ज्या नावाने ओ दिली, ते नाव तू चुकीचं घेतोस, असं एक परका माणूस त्याला सगळ्या वर्गासमोर सांगतो. पुढच्या वेळी हात वर करताना तो कॉप दोनदा विचार करेल. वर्षाच्या शेवटी तो हात वर करणारच नाही.

मी वेगळं सांगते. तुझं नाव कॉप, ते तुझं आहे, कुणी बदलायचं नाही. तो खेळ आहे ना, छोट्या पांढऱ्या चेंडूचा, त्याला बाहेरच्या माणसाशी बोलताना ‘गोल्फ’ म्हण, म्हणजे त्याला कळेल. मुलांना हा फरक एका मिनिटात समजतो. कारण त्यांना दोन भाषांत राहायची सवय आहेच. ईसान म्हणजे हा ईशान्य भाग. शब्द आपल्या ‘ईशान्य’चाच भाऊबंद. इथली मुलं घरी लाओ वळणाची ईसान बोली बोलतात, शाळेत बँकॉकची थाई. त्या बोलीला शहरात हसतात. दूरदर्शनवरच्या मालिकांत मोलकरीण आणि ड्रायव्हर हमखास ईसानी बोलतात. आता आपल्या मराठी मालिकांतल्या गड्याची बोली आठवा.

माझ्या घरी अहिराणी बोलतात. कॉलेजात पुण्याला गेले, तेव्हा माझी मराठी ऐकून मुलींनी तोंडावर हात ठेवले होते. ‘शुद्ध मराठी’ आणि ‘नेटिव्ह इंग्लिश’ ही एकाच कारखान्यातली दोन उत्पादनं आहेत. दोन्हींचा धंदा एकच: मोजक्या लोकांच्या तोंडाला माप ठरवायचं आणि बाकीच्यांना आयुष्यभर त्या मापात बसायला लावायचं.

ख्रू गप्प का बसते?

या व्यवस्थेत सगळ्यात जास्त अन्याय माझ्यावर होतो असं मी म्हणत नाही. तो होतो थाई शिक्षिकेवर.

आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी एक थाई ख्रू आहे. वीस वर्षं शिकवते आहे. व्याकरण ती घेते, पेपर ती काढते, तपासते ती, पालकांचे फोन ती घेते. सहावीच्या मुलांना ‘ओ-नेट’ या राष्ट्रीय परीक्षेला तीच बसवते. त्या परीक्षेत पर्यायांवर खुणा करायच्या असतात, तोंड उघडावं लागत नाही. आम्हा परदेशी शिक्षकांची कागदपत्रं, इमिग्रेशनच्या फेऱ्या, आजारपणं, घरमालकाशी भांडणं, हेही तिच्याच गळ्यात. नव्याने लागलेल्या थाई शिक्षिकेला आमच्या शाळेत माझ्याहूनही कमी पगार मिळतो.

ही ख्रू माझ्याशी स्टाफरूममध्ये छान इंग्रजी बोलते. हळू, विचार करून, नेमकं. तोच इंग्रज सहकारी वर्गात आला, की ती इंग्रजी बोलायचं थांबवते. हसते, मान डोलावते, थाईत मुलांना सांगते. का, ते मी तिला एकदा विचारलं. म्हणाली, “त्याच्यासमोर माझी चूक झाली तर मुलं काय म्हणतील?”

या एका वाक्यात सगळा रोग आहे. मुलं काय शिकतात बघा. आपली ख्रू, जिला आपण वाकून वाय करतो, जी वीस वर्षं हा विषय शिकवते, तिलाही हा विषय बोलायची भीती वाटते. म्हणजे ही भाषा आपली होऊच शकत नाही. ती त्या गोऱ्या तोंडाची. आपण फार तर पर्यायावर खूण करावी. हा धडा कुठल्याही पुस्तकात नाही, पण वर्षाचे दोनशे दिवस तोच शिकवला जातो आणि त्यात सगळी मुलं पहिल्या नंबराने पास होतात.

आणि ही मुलं मोठी होऊन इंग्रजी कुणाशी बोलणार आहेत? लंडनच्या माणसाशी? आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेच्या सनदेतच लिहिलंय की संघटनेच्या कामकाजाची भाषा इंग्रजी असेल. कॉप उद्या हॉटेलात, कारखान्यात, गोदामात काम करेल, तेव्हा तो व्हिएतनामी, इंडोनेशियन, चिनी, जपानी माणसांशी इंग्रजीत बोलेल. समोरचाही शिकूनच आलेला असेल. त्याला ज्या इंग्रजीची गरज आहे, ती बोलणारी माणसं म्हणजे फिलिपिनो शिक्षिका, मी आणि त्याची स्वतःची ख्रू. नेमकी हीच माणसं ‘बाकीचे’.

पाच समजुती

हे सगळं आलं कुठून? १९६१ साली युगांडात मकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची एक परिषद भरली होती, विषय इंग्रजीचं अध्यापन. ब्रिटिश साम्राज्य आवरतं घेत होतं, पुढच्याच वर्षी युगांडा स्वतंत्र झाला. साम्राज्य गेलं तरी इंग्रजी राहणार होती, ती कशी शिकवायची हे ठरवायचं होतं. रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ साली ‘लिंग्विस्टिक इम्पिरिअलिझम’ या पुस्तकात या परिषदेतून पक्क्या झालेल्या पाच समजुती वेगळ्या काढल्या आणि पाचही चुकीच्या ठरवल्या. इंग्रजी फक्त इंग्रजीतूनच शिकवावी. आदर्श शिक्षक म्हणजे नेटिव्ह स्पीकर. जितक्या लहानपणी सुरू कराल तितकं चांगलं. जितके जास्त तास इंग्रजी तितकं चांगलं. दुसऱ्या भाषा वापरल्या तर इंग्रजीचा दर्जा घसरतो.

आता जळगाव, लातूर, सातारा, कुठल्याही गावात जा. नवी इंग्रजी शाळा निघाली आहे, तिच्या पालकसभेत बसा. “घरीही इंग्रजीतच बोला.” “नर्सरीपासूनच टाका.” “शाळेत मराठी बोलल्यास दंड.” “आमच्याकडे सगळा स्टाफ कॉन्व्हेंटचा आहे.” पाचही समजुती ओळीने. ज्यांनी मकेरेरे हे नाव ऐकलेलं नाही, त्यांच्या तोंडात मकेरेरे आहे. आपल्याकडे गोरा माणूस मिळत नाही, म्हणून ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द ‘नेटिव्ह’च्या जागी बसवलाय, एवढाच फरक.

महाराष्ट्रात २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. मी त्या पहिल्या तुकडीतली. आम्हाला शिकवायला आलेल्या जिल्हा परिषदेच्या गुरुजींनी स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेलं. त्यांचं ‘फिलिम’ आणि ‘सकूल’ आजही विनोदाला पुरतं. पण त्यांनी फळ्यावर एका बाजूला मराठी वाक्य आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी वाक्य लिहून आमच्याकडून शब्दांच्या जागा बदलून घेतल्या. क्रियापद आमच्याकडे शेवटी, त्यांच्याकडे मधे, हे बाण काढून दाखवलं. मी आज जे शिकवते, त्याचा अर्धा भाग त्या फळ्यावरचा आहे. त्या गुरुजींच्या उच्चारावर जे रील बनवतात, त्यांना एकच विचारायचंय: तुम्ही किती जणांना इंग्रजी शिकवलीत?

काही आक्षेप

“पालकांनाच गोरा शिक्षक हवा असतो, शाळा काय करणार?” पालकांना तो हवा असतो, कारण प्रवेशाच्या दिवसांत शाळाच फाटकावर त्याचा फोटो लावते. आमच्या फलकावर तो आहे, फिलिपिनो शिक्षिका नाही, मी नाही, ख्रू तर नाहीच. मागणी आभाळातून पडत नाही. आधी ती फलकावर छापतात.

“मुलांनी शुद्ध उच्चार ऐकायला नकोत का?” जरूर ऐकावेत. प्रत्येक मुलाच्या खिशात फोन आहे, त्यात स्कॉटलंडपासून टेक्सासपर्यंत सगळे उच्चार फुकट आहेत. शिवाय कुठले उच्चार महत्त्वाचे, हेही बघा. जेनिफर जेनकिन्स यांनी २००० साली मांडलं, की इंग्रजी शिकून आलेले लोक एकमेकांशी बोलतात तेव्हा ‘थ’चा तो जीभ चावून काढायचा आवाज नसला तरी काही अडत नाही. स्वर ऱ्हस्व की दीर्घ, याने मात्र अडतं. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांत घोटाळा झाला तर जहाजाऐवजी मेंढी येते. ऱ्हस्व-दीर्घ कानावर घेतच आपण मराठी शिकलो. थाई मुलंही तसाच फरक आपल्या भाषेत रोज करतात. हे शिकवायला बर्मिंगहॅमला जन्म घ्यावा लागत नाही.

“भारतीयांचं इंग्रजी तरी कुठे बरोबर असतं?” कुणाचं बरोबर आणि कुणाचं चूक, ते वर्गात येऊन तपासा. तपासणी सगळ्यांची करा, एवढीच अट. माझी टोइक घ्या, त्याचीही घ्या. मला धडा शिकवायला लावा, त्यालाही लावा. पासपोर्ट बघून एकाला माफी आणि दुसऱ्याला परीक्षा, याला गुणवत्ता म्हणत नाहीत.

“एवढं टोचतं तर परत ये.” येईनही. पण परत आल्यावर ‘कॉन्व्हेंट एज्युकेटेड शिक्षिका पाहिजे’ हीच पाटी वाचायची असेल, तर विमानाचं तिकीट वाया.

यादी वाढवू नका, फाडा

इथल्या भारतीय शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर महिन्याला एक मागणी फिरते: भारतालाही नेटिव्ह देशांच्या यादीत घाला. भारतात इतके कोटी लोक इंग्रजी बोलतात, आपण फिलिपिनोंपेक्षा वरचढ, आफ्रिकनांपेक्षा तर नक्कीच, वगैरे. मी या मागणीवर सही करत नाही. आठवा देश म्हणून आपण आत शिरलो आणि मागचं दार लावून घेतलं, तर बाहेर कॅमेरूनची शिक्षिका राहील, फिलिपिनो शिक्षिका राहील आणि ख्रू तर कायमचीच बाहेर राहील. जातीच्या उतरंडीत एक पायरी वर चढून खालच्याला लाथ मारायची आपली सवय परदेशातही सुटू नये, याचं वाईट वाटतं.

मागणी साधी आहे. जाहिरातीत ‘नेटिव्ह’ हा शब्द नको. शिकवण्याचं प्रशिक्षण, भाषेची परीक्षा आणि प्रत्यक्ष घेतलेला एक तास, या तीन गोष्टी सगळ्यांना सारख्या लावा. पगार कामाचा द्या, पासपोर्टचा नको. थाई शिक्षिकेला इंग्रजी बोलायचे तास द्या आणि ती बोलते आहे हे मुलांना दिसू द्या.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी उद्या व्हिएतनामला, थायलंडला शिकवायला जाईल. एजंट सांगेल, जरा अमेरिकन हेल काढ, नावात थोडा बदल कर, फोटो उजळ दे. त्यातलं काहीही करू नका. तुम्ही धुळ्याचे आहात, कोल्हापूरचे आहात, नांदेडचे आहात, हे वर्गात पहिल्याच दिवशी सांगा. मी इंग्रजी घरी बोलले नाही, शाळेत शिकले, असं फळ्यावर लिहा. मी दर वर्षी लिहिते. पोरं ते वाचतात, एकमेकांकडे बघतात आणि कुणीतरी हळूच विचारतं, “टीचर, आमच्यासारखं?”

हो, तुमच्यासारखंच. इंग्रजी शिकवायची असेल तर सुरुवात इथून होते. शिकून आलेला माणूस त्यांनी समोर उभा बघितला पाहिजे, चुकत बोलताना, सुधारताना, न लाजता.